हनी, रिका, कटोरी की साखरेची पेस्ट: कोणतं वॅक्स कुठे वापरायचं

पार्लरच्या दरपत्रकावर एकाच कामाची सात-आठ नावं असतात: हनी, चॉकलेट, ॲलोव्हेरा, फ्रूट, रिका, कटोरी, ब्राझिलियन, रोल-ऑन. प्रत्येकाचा दर वेगळा. फरक काय म्हणून विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "हे जरा महाग आहे, पण छान आहे." यातली निम्मी नावं फक्त वासाची आणि रंगाची आहेत. वॅक्स तुमच्या त्वचेवर कसं वागणार, हे त्या नावांवरून कळत नाही. ते दोन प्रश्नांवरून कळतं. वॅक्स साखरेचं आहे की राळेचं? आणि ते पट्टी लावून ओढायचं आहे की पट्टीशिवाय? एवढं समजलं की हातांना काय लावायचं, काखेत काय आणि ओठावर काय, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

डब्यात नेमकं काय असतं

साखरेचं वॅक्स म्हणजे साखर, पाणी आणि लिंबू. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होतं, म्हणून पाक थंड झाल्यावर त्याचे खडे बनत नाहीत, तो चिकट आणि ताणता येण्याजोगा राहतो. आपल्या बाजारात 'हनी वॅक्स' म्हणून जो सोनेरी डबा मिळतो, तो बरेचदा असाच पाक असतो. मध त्यात नावापुरता असतो किंवा नसतोही. हे वॅक्स पाण्याने धुऊन निघतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. बारीक, मऊ केसांवर ते उत्तम चालतं. जाड केसांवर मात्र पकड कमी पडते, एकाच जागी दोन-तीनदा ओढावं लागतं आणि त्वचा लाल होते ती त्यामुळेच.

राळेच्या वॅक्समध्ये पाइनच्या झाडाची राळ असते. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या चीड वृक्षांपासून ती काढतात. राळ एकटी फार चिकट आणि ठिसूळ असते, म्हणून तिच्यात तेल आणि मेण मिसळतात. मेण मधमाशीचं असेल किंवा पॅराफिन. हे वॅक्स पाण्याला दाद देत नाही, ते तेलानेच निघतं. डब्यावर 'लिपोसोल्युबल' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तेवढाच. बहुतेक मलईदार, अपारदर्शक वॅक्समध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, त्याने वॅक्स गुळगुळीत पसरतं आणि पातळ थर बसतो. 'रिका' ही खरं तर सिसिलीतली कंपनी, पण आपल्याकडे या जातीच्या कुठल्याही मलईदार वॅक्सला लोक रिका म्हणतात. म्हणून पार्लरमध्ये "रिका आहे" असं सांगितलं, तरी डबा बघायला मागा. पैसे जास्त देताय, तर ते तुमचं हक्काचं आहे.

आता चॉकलेट. साखरेच्या पाकात कोको घातलं तरी ते चॉकलेट वॅक्स, आणि राळेच्या वॅक्समध्ये घातलं तरीही चॉकलेट वॅक्स. नाव एक, वागणूक वेगळी. घरी याची पारख सोपी आहे. चमच्याच्या टोकावर थोडं वॅक्स घ्या आणि कोमट पाण्यात ढवळा. विरघळलं तर साखरेचं, गोळी होऊन बसलं तर राळेचं. डब्यावरची घटकांची यादीही वाचा. सुक्रोज, ग्लुकोज, सायट्रिक ॲसिड असेल तर साखरेचं. रोझिन, कोलोफोनियम, ग्लायसेरिल रोझिनेट असेल तर राळेचं. सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण.

ही यादी वाचण्याचं आणखी एक कारण आहे. राळेची ॲलर्जी असणारे लोक बरेच आहेत, आणि पुष्कळांना ते ठाऊक नसतं. जखमेवरची चिकटपट्टी लावल्यावर जर तुम्हाला तिच्या आकाराचं लाल, खाजरं चट्टं उठत असेल, तर राळेच्या वॅक्सपासून सावध राहा, कारण काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही राळ असते. 'कोलोफोनी-फ्री' लिहिलेल्या डब्यातसुद्धा राळेपासून तयार केलेलं ग्लायसेरिल रोझिनेट असू शकतं आणि फार संवेदनशील त्वचेला तेही सोसत नाही. अशांनी साखरेच्याच वाटेने जावं.

पट्टीचं आणि बिनपट्टीचं

पट्टीचं वॅक्स पातळ थरात लावतात, वर कापडाची किंवा कागदी पट्टी दाबून ओढतात. हात, पाय, पाठ अशा मोठ्या, सपाट भागांसाठी यासारखं झटपट काही नाही. याचा तोटा असा की ते केसांबरोबर त्वचेच्या वरच्या मृत थरालाही चिकटतं. म्हणूनच वॅक्सनंतर हात उजळ दिसतात. त्याने टॅन जातो असं समजू नका. वरचा मळकट थर निघतो एवढंच. आणि म्हणूनच एका जागी हे वॅक्स जास्तीत जास्त दोनदा ओढायचं. उरलेले चार केस चिमट्याने काढा.

बिनपट्टीचं, म्हणजे हार्ड वॅक्स. त्यात मेणाचं प्रमाण जास्त असतं. ते जाडसर लावतात, थंड होताना ते आकसतं आणि केसांना भोवतीने आवळून धरतं, त्वचेला तुलनेने कमी चिकटतं. मग कडा उचलून अख्खा थर एका झटक्यात काढायचा. आपल्या पार्लरमधलं कटोरी वॅक्स याच जातीचं. हल्ली दाण्यांच्या रूपात मिळणारं 'बीन्स वॅक्स' किंवा 'फिल्म वॅक्स'ही हेच, फक्त ते जास्त लवचीक असतं आणि मध्येच तुटत नाही. ब्राझिलियन वॅक्स हा तर वॅक्सचा प्रकारच नाही, ती जांघेतले केस पूर्ण काढण्याची पद्धत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली सलून काढलेल्या सात ब्राझिलियन बहिणींमुळे ती जगभर पोचली. त्यासाठी वापरतात ते बहुधा हार्ड वॅक्सच.

साखरेची पेस्ट हा तिसरा मार्ग. साखरेचाच पाक, पण जास्त आटवलेला, हाताने मळून लावण्याजोगा. इजिप्तमध्ये तिला हलावा म्हणतात, तुर्कस्तानात आगदा. आखातात राहणाऱ्या मराठी बायकांना ती तिथल्या सलूनमध्ये सहज मिळते. आपल्याकडे अजून फारशी रुळलेली नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण संवेदनशील त्वचेसाठी आणि घरी करण्यासाठी मी सगळ्यात आधी तिचंच नाव घेईन.

कुठल्या भागाला काय

हातांवर केस बहुधा मऊ असतात. तिथे साधं हनी वॅक्स पुरतं, महागाचं घ्यायची गरज नाही. पायांचे केस जाड असतील, विशेषतः वर्षानुवर्षं रेझर फिरवलेले असतील, तर मलईदार लिपोसोल्युबल वॅक्सला पैसे द्यावेत. एका ओढीत काम होतं आणि केस मध्येच तुटण्याचं प्रमाण कमी होतं. केस तुटला की तो आठवड्याभरात वर येतो आणि आपल्याला वाटतं, वॅक्स टिकलंच नाही.

काख अवघड आहे. तिथली त्वचा पातळ, घाम जास्त आणि केस एका दिशेने वाढत नाहीत. वर एक दिशा, खाली दुसरी, मध्ये भोवरा. हार्ड वॅक्स किंवा साखरेची पेस्ट घ्या आणि दिशा बघून दोन-तीन तुकड्यांत काढा. पार्लरमध्ये अख्ख्या काखेला एकदम वॅक्स फासून एकच पट्टी ओढतात, तेव्हा अर्धे केस निघतात, अर्धे तुटतात आणि कधीकधी रक्ताचे बारीक ठिपके येतात. "ताई, दोन भागांत करा" असं सांगायला संकोचू नका.

चेहऱ्यावर फक्त हार्ड वॅक्स, तेही वरच्या ओठापुरतं, हनुवटीपुरतं आणि कानाजवळच्या साइड लॉक्सपुरतं. गालांवरची लव काढायला पूर्ण चेहऱ्याचं वॅक्स करणं मला पटत नाही. गालांच्या नाजूक त्वचेवर काळे डाग राहण्याचा धोका त्या फायद्याच्या मानाने फार मोठा आहे. हनुवटीवर किंवा गळ्यावर जाड, काळे केस नव्याने यायला लागले असतील आणि सोबत पाळी अनियमित असेल, तर वॅक्सच्या आधी डॉक्टरांकडे जा. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारात हे घडतं आणि त्यावर उपचार होतात.

जांघेत पहिल्यांदा करायचं असेल तर घरी करू नका. अनुभवी हाताकडून हार्ड वॅक्सने करून घ्या. स्वच्छतेसाठी तिथले केस काढायलाच हवेत असं नाही. ज्यांना काढायचे नाहीत त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून काढू नयेत, गर्भारपणातही नाही आणि लग्नाआधीही नाही.

पुरुषांची छाती आणि पाठ यांवर केस दाट असतात. आधी ट्रिमरने ते सेंटिमीटरभर करून घ्या, मग लिपोसोल्युबल वॅक्स पट्टीने. छातीवर तीन-चार इंचांपेक्षा मोठा पट्टा एका वेळी घेऊ नका.

रोल-ऑनमध्ये वॅक्सची कांडी गरम करून तिच्या रोलरने थर फिरवतात. थर सारखा बसतो, सांडत नाही, घरी एकटीने पाय करायचे तर सोयीचं आहे. पण तोच रोलर एकीच्या पायावरून दुसरीच्या पायावर फिरवायचा नसतो. पार्लरमध्ये रोल-ऑन करणार असाल तर नवी कांडी समोर उघडायला सांगा. दुकानात मिळणाऱ्या तयार थंड पट्ट्या हाताच्या तळव्यांत चोळून लावायच्या असतात. प्रवासात दोन बोटांएवढ्या जागेसाठी ठीक, जाड केसांवर त्या निरुपयोगी. आणि पाण्यात कालवून लावायची 'वॅक्स पावडर' हे वॅक्सच नव्हे. त्यात बहुधा बेरियम सल्फाइडसारखं केस विरघळवणारं रसायन असतं. केस मुळापासून निघत नाही, वरचा भाग वितळतो आणि जास्त वेळ ठेवलं तर त्वचाही भाजते.

आधीची तयारी

केसांची लांबी अर्धा सेंटिमीटर तरी हवी. रेझर फिरवला असेल तर दोन ते तीन आठवडे थांबावं लागतं. दीड सेंटिमीटरपेक्षा लांब केस कात्रीने कमी करा, नाहीतर दुखतं आणि वॅक्सची गुंतवळ होते.

आदल्या दिवशी अंघोळीत खरखरीत कपड्याने हलकं घासा. वॅक्सच्या दिवशी तेल, लोशन काही नको. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे पहिले दिवस पुष्कळ जणींना दुखण्याचे वाटतात. जमत असेल तर ते टाळा.

नवं वॅक्स असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत करून बघा आणि एक दिवस थांबा. हे कंटाळवाणं आहे, पण चेहऱ्यावर पुरळ आल्यावर हळहळण्यापेक्षा बरं.

आणि हवामान. याचा विचार आपण करतच नाही. साखर हवेतली ओल ओढून घेते. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर साखरेचं वॅक्स लावता लावता पातळ होतं, त्यात घाम मिसळतो आणि पट्टी नुसती घसरते. अशा दिवसांत सकाळी लवकर, पंख्याखाली, त्वचा कोरडी पुसून आणि पावडर लावून काम करा किंवा सरळ लिपोसोल्युबल वापरा. विदर्भात डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. वॅक्स हातातल्या हातात घट्ट होतं, जाड थर बसतो आणि निघताना ओरबाडतं. तेव्हा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवूनच काम करा.

पट्टीचं वॅक्स: पायऱ्या

१. डबा हीटरमध्ये किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वॅक्स सैल करा. डबा थेट गॅसवर कधीही ठेवू नका, राळ आणि मेण पेट घेतात. मायक्रोवेव्हमध्ये मधला भाग उकळता आणि कडा थंड असं होतं, म्हणून दहा-दहा सेकंदांनी काढून ढवळा.

२. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. उबदार लागलं पाहिजे, चटका नाही.

३. त्वचेवर थोडी टाल्कम पावडर लावून जादाची झटका. थरच्या थर नको.

४. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातळ थर लावा. सुरी किंवा स्पॅच्युला तिरकी धरली की थर पातळ बसतो. खालची त्वचा दिसायला हवी इतका पातळ.

५. पट्टी ठेवा, त्याच दिशेने दोन-तीनदा तळव्याने दाबा. शेवटी इंचभर पट्टी पकडायला मोकळी सोडा.

६. पायाचं उदाहरण घ्या. केस खाली वाढतात, म्हणून पट्टीचं खालचं टोक धरा, दुसऱ्या हाताने त्याच्या जरा खाली त्वचा ताणून ठेवा आणि गुडघ्याकडे ओढा. हात त्वचेला लागून, समांतर जाऊ द्या. पट्टी आकाशाकडे उचलली की केस तुटतात आणि त्वचेला हिसका बसून निळसर डाग पडतात. बहुतेक सगळी दुखापत याच एका चुकीने होते.

७. ओढल्याबरोबर त्या जागेवर तळवा घट्ट दाबा. दुखणं लगेच ओसरतं.

गुडघा करताना पाय वाकवा, कोपर करताना हात दुमडा. त्वचा ताणलेली असली की वॅक्स वळ्यांत अडकत नाही.

हार्ड वॅक्ससाठी पावडरऐवजी तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. मधमाशीचं शुद्ध मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, हे लक्षात ठेवलं की इथे घाई का करायची नाही ते कळेल. वॅक्स पूर्ण पातळ झालं की हीटर कमी करा आणि ते मधाइतकं दाट होऊन चमच्यावरून आळसत पडेपर्यंत थांबा. लावताना थर दोन-तीन मिलिमीटर जाड, कडा तर आणखी जाड. कडा पातळ राहिली की ती तुटून त्वचेलाच चिकटून बसते. बोट लावल्यावर चिकटत नाही, पण थर अजून वाकतो, ही काढण्याची वेळ. जास्त थांबलात तर ते कडक होऊन तुकड्यांत मोडेल. तसं झालंच तर त्यावर पुन्हा गरम वॅक्सचा थर द्या आणि दोन्ही एकत्र काढा.

साखरेची पेस्ट घरी

दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. लिंबू गाळून घ्या, बी आणि रेषा नकोत. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर. साखर विरघळेपर्यंत ढवळा, नंतर फार ढवळू नका.

आधी एकतारी, मग दोनतारी, मग गोळीबंद. चिक्की किंवा तिळगुळाचे लाडू करणाऱ्या घरांत हे हाताला ठाऊक असतं. पेस्टसाठी गोळीबंद पाक हवा, म्हणजे साधारण ११८ ते १२० अंश. वाटीत थंड पाणी घ्या, त्यात थेंब टाका. त्याची गोळी वळता आली आणि दाबल्यावर चेपली तर गॅस बंद. गोळी टणक होऊन वाजली तर पुढे गेलंय, ती चिक्की झाली. रंग उसाच्या काकवीइतका गडद होऊ देऊ नका, फिकट सोनेरीवर थांबा. रंग चढतो त्या शेवटच्या मिनिट-दोन मिनिटांत पातेल्यापासून हलायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल भाजतं. मुलं स्वयंपाकघरात नसताना करा. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ओतून किमान अर्धा-पाऊण तास, आतपर्यंत कोमट होईपर्यंत ठेवा. वरून गार वाटतो तेव्हा आत गरम असतो, म्हणून बोट घालून नाही, चमच्याने उलथून बघा.

गार झाल्यावर लिंबाएवढा गोळा घ्या आणि ओल्या बोटांनी ताणा, दुमडा, पुन्हा ताणा. सुरुवातीला तो पारदर्शक सोनेरी असतो. मळता मळता हवा मिसळून फिकट, मोत्यासारखा अपारदर्शक होतो. तेव्हा तो तयार. फारच पातळ राहिला असेल तर परत पातेल्यात घालून दोन मिनिटं आटवा. दगड झाला असेल तर चमचाभर पाणी घालून मंद आचेवर सैल करा. या वॅक्सचं हेच सुख आहे, चुकलं तरी काही वाया जात नाही.

लावण्याची दिशा पट्टीच्या वॅक्सच्या उलट असते. केसांच्या वाढीविरुद्ध बोटांनी दाबत पसरा, त्याच जागी दोन-तीनदा फिरवा म्हणजे पेस्ट केसांच्या मुळाशी जाते. मग वाढीच्या दिशेने, त्वचेला समांतर, छोट्या झटक्याने काढा. केस ज्या दिशेला झुकलेला असतो त्याच दिशेला निघतो, म्हणून तो कमी तुटतो. तोच गोळा पंधरा-वीस झटक्यांना पुरतो. केसांनी भरला किंवा हाताच्या उबेने पातळ झाला की टाकून नवा घ्या. पहिल्या खेपेला हात बसत नाही, गोळा पायालाच चिकटून बसतो. ओढत बसू नका. कोमट पाण्याचा हात फिरवला की सुटतो.

हात अजिबात बसला नाही तर तोच पाक जरा कमी आटवून, दोनतारीच्या पुढे आणि गोळीबंदच्या अलीकडे थांबून, पट्टीने वापरा.

कुणी करू नये

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स पूर्ण बंद, आणि गोळ्या थांबवल्यावरही किमान सहा महिने बंद. या औषधाने त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर त्वचेचा थर सोलून येतो. ट्रेटिनॉइन, ॲडॅपलीन अशी क्रीम लावत असाल तर त्या भागात आठवडाभर आधी थांबवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ताब्यात नसलेला मधुमेह, फुगलेल्या निळ्या शिरा, उन्हाने भाजलेली त्वचा, ओठावर आलेला हर्पीसचा फोड, नुकतंच केलेलं केमिकल पील, या सगळ्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वॅक्स नको. तीळ किंवा चामखीळ यांच्यावरून वॅक्स ओढायचं नाही.

पार्लरच्या स्वच्छतेबद्दल ठाम राहा. एकच सुरी डब्यात बुडवायची, पायावर फिरवायची, पुन्हा डब्यात बुडवायची, ही पद्धत फार रुळलेली आहे. वॅक्स गरम असतं म्हणून जंतू मरतात, असं उत्तर मिळतं. ते खरं नाही. त्वचेला सोसेल इतक्या उबेत जंतू मरत नाहीत. लाकडी चमचे एकदा वापरून फेकायचे, किंवा तुमच्यापुरतं वॅक्स वेगळ्या वाटीत काढून घ्यायचं. जीन्सच्या कापडाच्या धुऊन वापरलेल्या पट्ट्या नको असतील तर एकदा वापरायच्या कागदी पट्ट्यांचं पाकीट स्वतः न्या.

लग्नघरातला क्रम

वॅक्स, मेंदी, हळद हा क्रम मोडू नका. मेंदीनंतर वॅक्स केलं तर रंग वरच्या थराबरोबर निघून जातो. मेंदीच्या दोन दिवस आधी वॅक्स करा. लिपोसोल्युबल केलं असेल तर त्यानंतरचं तेल साबणाने नीट धुऊन टाका, कारण तेलकट त्वचेवर मेंदी चढत नाही. ताज्या वॅक्सवर हळद लावली तर झोंबते, आणि बाजारी हळदीत काय मिसळलंय सांगता येत नाही. ब्लीच आणि वॅक्स एकाच दिवशी, तेही पॅकेजमध्ये बसतं म्हणून, अजिबात नको. आणि आयुष्यातलं पहिलं वॅक्स लग्नाच्या आठवड्यात करू नका. निदान दोन महिने आधी एकदा करून बघा. केस एकाच वेळी वाढत नाहीत, काही झोपलेले असतात. त्यामुळे पहिल्या खेपेनंतर दोन आठवड्यांतच काही केस दिसतात. चार-पाच आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा केलं की वाढ एकसारखी होते. वॅक्सने केस जाड होतात ही समजूत मात्र सोडून द्या.

नंतर

चोवीस तास गरम पाणी, जिम, पोहणं, घट्ट जीन्स आणि काखेला डिओ नको. सुती, सैल कपडे घाला. लाल पुरळ बहुधा दिवसाभरात बसतं. थंड ओला कपडा आणि बिनवासाचं कोरफड जेल पुरेसं आहे. उघड्या भागाला सनस्क्रीन लावा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर सूज आणि ऊन एकत्र आलं की काळे डाग पडतात आणि ते महिनोन्महिने जात नाहीत. दोन-तीन दिवसांनी आठवड्यातून दोनदा हलकं घासायला सुरुवात करा, त्याने आत वळलेले केस कमी होतात. तरी झालेच तर सुईने कोरू नका, सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन हळूहळू काम करतं. पुवाचे फोड, पसरत जाणारी लाली किंवा ताप आला तर डॉक्टर.

भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वॅक्स थंड होऊन घट्ट होईल, ते फोडावरून खेचून काढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काही नको. चेहरा, जांघ किंवा तळव्यापेक्षा मोठा भाग भाजला असेल तर सरळ दवाखान्यात जा.

आवरताना साखरेची भांडी गरम पाण्यात ठेवली की आपोआप सुटतात. राळेचं वॅक्स बेसिनमध्ये कधी ओतू नका, नळीत जाऊन घट्ट बसतं. सुरीवरचं वॅक्स कोमट असतानाच कागदाने पुसा, उरलेलं खोबरेल तेलाने. हीटरभोवती सांडलेल्या थेंबांवर बर्फाचा खडा फिरवला की ते तडकून निघतात. उरलेली साखरेची पेस्ट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. पुढच्या वेळी वापराआधी तासभर बाहेर काढून ठेवा. मात्र ज्या गोळ्यात केस लागलेत, तो परत बरणीत जाऊ देऊ नका.